व्हीएस कोडमध्ये प्रकल्पनिहाय टेस्ट सेटिंग्ज: कोणती गोष्ट कुठे लिहावी आणि कोणत्या क्रमाने

टर्मिनलमध्ये टेस्ट सुरळीत चालतात, पण एडिटरच्या टेस्टिंग पॅनेलमध्ये एकही दिसत नाही. किंवा एका प्रकल्पासाठी केलेली सेटिंग दुसऱ्या प्रकल्पात डोके वर काढते आणि तिथल्या टेस्ट बिघडवते. या दोन्ही तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच चूक असते: काम उलट्या टोकाकडून सुरू केलेले असते. आधी एडिटरच्या सेटिंग्जमध्ये शिरायचे, तिथे जे सापडेल ते चालू-बंद करून पाहायचे आणि काही जमले नाही की मग टर्मिनलकडे वळायचे, असा हा क्रम असतो. तो नेमका उलटा करावा लागतो.

या लेखातील उदाहरणे व्हीएस कोड हा एडिटर, पायथॉन ही भाषा आणि तिच्यातील टेस्ट चालवणारे पायटेस्ट हे टूल यांची आहेत. सेटिंग्जची व फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती रोमन लिपीतच लिहायची असतात आणि पहिली काही अक्षरे टाइप करताच एडिटर सेटिंगचे पूर्ण नाव सुचवतो.

## तयारी: थर समजून घ्या

व्हीएस कोड सेटिंग्ज थराथराने वाचतो. सर्वांत खाली एडिटरची मूळ मूल्ये असतात, त्यावर तुमच्या खात्यापुरती यूझर सेटिंग्ज, त्यावर वर्कस्पेसची, आणि एकाच खिडकीत अनेक फोल्डर उघडले असतील तर सर्वांत वर प्रत्येक फोल्डरची स्वतंत्र सेटिंग्ज. वरचा थर खालच्यावर मात करतो. एकच फोल्डर उघडला असेल, तर वर्कस्पेसची सेटिंग्ज म्हणजे त्या फोल्डरातील '.व्हीएसकोड' या उपफोल्डरमधली 'सेटिंग्ज.जेसन' ही फाइल.

इथपर्यंतचा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. ठाऊक नसते ते हे, की दोन थरांतील मूल्ये एकत्र कशी होतात हे त्या मूल्याच्या प्रकारावर अवलंबून असते. महिरपी कंसातील, म्हणजे ऑब्जेक्ट प्रकारची, मूल्ये एकमेकांत मिसळली जातात. चौकोनी कंसातील यादी मात्र मिसळत नाही. वरच्या थरातील यादी खालची यादी पूर्णपणे पुसून टाकते. पायटेस्टला द्यायचे पर्याय ज्या सेटिंगमध्ये लिहितात, ते 'पायथॉन.टेस्टिंग.पायटेस्टआर्ग्ज', ही यादीच आहे. यूझर पातळीवर दोन पर्याय आणि प्रकल्पात तिसरा लिहिला, तर पायटेस्टला तीन नव्हे, एकच पर्याय मिळतो.

सुरुवातीला आणखी एक काम करावे. सेटिंग्जच्या खिडकीतील शोधपट्टीत '@मॉडिफाइड' हा शब्द रोमन लिपीत लिहिला, की तुम्ही मूळ मूल्यांपासून बदललेल्या सेटिंग्जच तेवढ्या दिसतात. यूझर या टॅबवर टेस्टिंगसंबंधी जे काही सापडेल ते काढून टाकावे. पायटेस्ट चालू आहे की बंद, त्याला कोणते पर्याय द्यायचे, तो कोणत्या फोल्डरातून चालवायचा, या गोष्टी प्रकल्पाच्या असतात, माणसाच्या नव्हेत. यूझर पातळीवर फार तर रंगसंगती आणि अक्षरांचा आकार असावा, असे माझे मत आहे.

## टप्पा 1: एडिटर बाजूला ठेवा, टर्मिनलमध्ये टेस्ट मोजा

प्रकल्पाच्या मूळ फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून प्रकल्पाचे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रकल्पापुरता पायथॉन आणि लायब्ररींचा वेगळा संच) सक्रिय करावे आणि पायटेस्टला '--कलेक्ट-ओन्ली' हा पर्याय देऊन चालवावे. या पर्यायामुळे टेस्ट चालत नाहीत, फक्त गोळा होतात, आणि शेवटी किती सापडल्या ती संख्या दिसते. ही संख्या कागदावर लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर तिच्याशीच ताडून पाहायचे आहे.

आउटपुटच्या सुरुवातीला 'रूटडिर' आणि 'कॉन्फिगफाइल' अशा नोंदी असतात, त्याही वाचाव्यात. पायटेस्टने कोणता फोल्डर मूळ मानला आणि कोणती कॉन्फिगरेशन फाइल वाचली हे त्यांवरून कळते. आउटपुट आटोपशीर व्हावे म्हणून अनेक जण '-क्यू' जोडतात, पण त्याने नेमक्या याच नोंदी गायब होतात; इथे तो पर्याय देऊ नये.

एकही टेस्ट सापडली नाही, तर पायटेस्ट 5 हा एक्झिट कोड देतो. तेव्हा प्रथम नावे तपासावीत. मूळ नियमानुसार फाइलचे नाव 'टेस्ट_' ने सुरू झाले पाहिजे किंवा '_टेस्ट' ने संपले पाहिजे, फंक्शनचे नाव 'टेस्ट' ने सुरू झाले पाहिजे, आणि क्लासचे नाव मोठ्या 'टी'च्या 'टेस्ट'ने सुरू होऊन त्यात '__इनिट__' ही मेथड नसली पाहिजे. या शेवटच्या अटीपायी पूर्ण क्लास गाळला जातो आणि पायटेस्ट त्याबद्दल फक्त एक वॉर्निंग देतो, जी लांबलचक आउटपुटमध्ये सहज नजरेआड होते.

इशारा: नुसते 'पायटेस्ट' चालवणे आणि 'पायथॉन -एम पायटेस्ट' असे चालवणे यांत फरक आहे. दुसऱ्या पद्धतीत चालू फोल्डर इम्पोर्टच्या शोधमार्गात घातला जातो, पहिल्या पद्धतीत तो आपोआप येत नाही. एका पद्धतीने टेस्ट चालत असतील आणि दुसऱ्या पद्धतीने मॉड्यूल सापडत नाही अशी एरर येत असेल, तर तो दोष एडिटरचा नाही. त्यावरचा उपाय पुढच्या टप्प्यात आहे.

## टप्पा 2: टूलचे नियम टूलच्याच फाइलमध्ये लिहा

टेस्ट कुठे आहेत, कोणते मार्कर (टेस्टना लावलेल्या खुणा) आहेत, कोणते पर्याय नेहमी लागू व्हावेत, हे सर्व पायटेस्टच्या स्वतःच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये गेले पाहिजे. त्यामुळे टर्मिनल, एडिटर आणि सर्व्हरवर आपोआप होणारी तपासणी हे तिघे एकाच नियमांनी चालतात. एडिटरच्या सेटिंग्जमध्ये लिहिलेला पर्याय फक्त एडिटरलाच कळतो. मग सहकाऱ्याच्या टर्मिनलमध्ये वेगळा निकाल लागला की चूक कोणाची यावर वाद सुरू होतो.

आज बहुतेक प्रकल्प यासाठी 'पायप्रोजेक्ट.टॉमल' वापरतात. पायटेस्टच्या 6.0 या आवृत्तीपासून त्या फाइलमध्ये 'टूल.पायटेस्ट.इनी_ऑप्शन्स' या शीर्षकाखाली त्याची सेटिंग्ज लिहिता येतात. तिथे प्रामुख्याने तीन नोंदी लागतात. 'टेस्टपाथ्स' मध्ये टेस्टचे फोल्डर, 'अॅडऑप्ट्स' मध्ये कायमचे पर्याय, आणि 7.0 पासून उपलब्ध असलेल्या 'पायथॉनपाथ' मध्ये इम्पोर्टसाठी लागणारे फोल्डर, उदाहरणार्थ 'एसआरसी'. टप्पा 1 मधील मॉड्यूल न सापडण्याची अडचण या शेवटच्या नोंदीने सुटते. त्यासाठी टेस्टच्या फाइलींमध्ये वरच्या बाजूला शोधमार्ग हाताने वाढवणाऱ्या ओळी कोणी लिहून ठेवल्या असतील, तर त्या आता काढून टाकता येतात.

इशारा: पायटेस्ट अनेक कॉन्फिगरेशन फाइली एकत्र करत नाही, एकच निवडतो. प्रकल्पात कुठून तरी आलेली जुनी 'पायटेस्ट.इनी' पडून असेल, तर ती रिकामी असली तरी 'पायप्रोजेक्ट.टॉमल'मधले नियम वाचले जात नाहीत. नियम लिहिले पण लागू होत नाहीत, असे दिसले की आधी या फाइलीचा शोध घ्यावा.

तपासणी: पुन्हा '--कलेक्ट-ओन्ली' चालवा. 'कॉन्फिगफाइल'समोर अपेक्षित फाइलचे नाव आले पाहिजे आणि संख्या टप्पा 1 इतकीच असली पाहिजे. ती बदलली असेल तर 'टेस्टपाथ्स' मध्ये एखादा फोल्डर राहून गेला असण्याची शक्यता सर्वाधिक आहे. हे जुळल्याशिवाय एडिटर उघडू नये.

## टप्पा 3: नेमका फोल्डर उघडा

मला विचारले जाणारे निम्मे प्रश्न याच टप्प्यावर निकालात निघतात. व्हीएस कोड '.व्हीएसकोड' हा उपफोल्डर फक्त उघडलेल्या फोल्डरच्या मुळाशी शोधतो. तुम्ही 'कामे' नावाचा फोल्डर उघडला आणि त्यात 'सर्व्हर', 'मोबाइल' आणि 'अहवाल' असे तीन प्रकल्प असले, तर 'सर्व्हर'च्या पोटातील सेटिंग्ज.जेसन वाचली जाणार नाही. एरर येणार नाही, सूचनाही मिळणार नाही. फाइल जागच्या जागी असते, तिच्यातील मजकूर बिनचूक असतो आणि परिणाम शून्य असतो.

म्हणून ज्या फोल्डरमध्ये कॉन्फिगरेशन फाइल आहे तोच फोल्डर उघडावा. एकाच वेळी अनेक प्रकल्प लागत असतील, तर टप्पा 7 पाहावा.

नवा फोल्डर उघडताना त्याच्या लेखकांवर विश्वास आहे का, असे एडिटर विचारतो. त्याला नकार दिला तर फोल्डर मर्यादित अवस्थेत उघडतो. त्या अवस्थेत डीबगिंग बंद असते, प्रकल्पातील काही सेटिंग्ज लागू होत नाहीत आणि काही एक्स्टेन्शन पूर्ण चालत नाहीत. घाईत नकारावर क्लिक झाले असेल, तर कमांड पॅलेटमधून (एडिटरच्या आज्ञा नावाने शोधण्याच्या पट्टीतून) विश्वासासंबंधीची खिडकी उघडून तो निर्णय बदलता येतो. अर्थात टेस्ट चालवणे म्हणजे तो कोड चालवणे, त्यामुळे अनोळखी ठिकाणाहून आणलेल्या प्रकल्पाला डोळे झाकून होकार देऊ नये.

## टप्पा 4: इंटरप्रिटर निवडा

इंटरप्रिटर म्हणजे पायथॉन कोड चालवणारा प्रोग्रॅम. कमांड पॅलेटमधील 'पायथॉन: सिलेक्ट इंटरप्रिटर' ही आज्ञा वापरून टप्पा 1 मध्ये वापरलेलेच व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट निवडावे. ते प्रकल्पाच्या मुळाशी '.व्हेन्व्ह' या नावाने असेल तर यादीत आपोआप दिसते.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. सेटिंग्जमध्ये 'पायथॉन.डिफॉल्टइंटरप्रिटरपाथ' बदलला की इंटरप्रिटर बदलतो, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ही सेटिंग, त्या वर्कस्पेससाठी कोणताही इंटरप्रिटर अजून निवडलेला नसतानाच उपयोगी पडते. एकदा हाताने निवड केली, की ही ओळ कितीही वेळा बदलली तरी एडिटर जुन्या निवडीलाच धरून राहतो. निवड बदलायची असेल तर ती आज्ञेनेच बदलावी लागते.

तपासणी: एखादी पायथॉन फाइल उघडी असताना तळपट्टीवर दिसणारे एन्व्हायर्नमेंट अपेक्षित आहे का ते पाहा. पॅनेलमध्ये पायटेस्ट किंवा प्रकल्पाची एखादी लायब्ररी सापडत नाही अशी तक्रार आली आणि टर्मिनलमध्ये मात्र ती सापडत असेल, तर दोन वेगळे इंटरप्रिटर वापरात आहेत असे समजावे. लायब्ररी पुन्हा स्थापित करण्याच्या फंदात पडू नये.

## टप्पा 5: सेटिंग्ज.जेसनमध्ये मोजक्याच ओळी लिहा

कमांड पॅलेटमधून वर्कस्पेस सेटिंग्ज जेसन स्वरूपात उघडाव्यात. यूझर सेटिंग्ज उघडणारी आज्ञा नावाने जवळपास सारखीच दिसते, त्यामुळे टॅबवर दिसणारा फाइलचा मार्ग वाचल्याशिवाय काही टाइप करू नये.

पहिली ओळ: 'पायथॉन.टेस्टिंग.पायटेस्टएनेबल्ड' चे मूल्य 'ट्रू'. दुसरी ओळ: 'पायथॉन.टेस्टिंग.युनिटटेस्टएनेबल्ड' चे मूल्य 'फॉल्स'. युनिटटेस्ट हे पायथॉनसोबतच येणारे दुसरे टेस्ट टूल. दोन्ही मूळ मूल्यांनुसार बंद असतात. दोन्ही चालू केली तर फक्त पायटेस्ट चालतो. म्हणजे बिघाड होत नाही, पण पुढे फाइल वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

बहुतेक प्रकल्पांना याहून अधिक काही लागत नाही. टेस्ट जिथून चालवायच्या तो फोल्डर उघडलेल्या फोल्डरपेक्षा वेगळाच असेल आणि ते टाळता येत नसेल, तर 'पायथॉन.टेस्टिंग.सीडब्ल्यूडी' मध्ये तो द्यावा. मार्ग लिहिताना ड्राइव्हपासूनचा पूर्ण पत्ता न देता 'वर्कस्पेसफोल्डर' या व्हेरिएबलपासून सुरुवात करावी, म्हणजे तीच फाइल दुसऱ्या संगणकावरही चालेल.

आता 'पायटेस्टआर्ग्ज' विषयी. सेटिंग्ज हाताने न लिहिता 'पायथॉन: कॉन्फिगर टेस्ट्स' या आज्ञेने केल्या, तर ती आज्ञा टेस्टचा फोल्डर विचारते आणि उत्तर या यादीत लिहून टाकते: मूळ फोल्डर निवडला तर एक टिंब, अन्यथा त्या फोल्डरचे नाव. हे सोयीचे वाटते, पण पायटेस्ट 'टेस्टपाथ्स'चा विचार तेव्हाच करतो, जेव्हा त्याला चालवताना कोणताही मार्ग दिलेला नसतो. आज्ञेने लिहिलेल्या त्या एका टिंबामुळे टप्पा 2 मध्ये विचारपूर्वक लिहिलेली नोंद निरुपयोगी ठरते, आणि एडिटर उदाहरणांच्या व जुन्या प्रयोगांच्या फोल्डरांतूनही टेस्ट गोळा करू लागतो. म्हणून आज्ञा वापरली असेल तर नंतर फाइल उघडून ही यादी रिकामी करावी.

एखादा पर्याय खरोखर फक्त एडिटरसाठीच हवा असेल, तर तो यादीत लिहिण्याची पद्धत टर्मिनलपेक्षा वेगळी असते. मध्ये शेल नसल्यामुळे ओळीचे तुकडे करणारे कोणी नसते. प्रत्येक तुकडा यादीतील स्वतंत्र घटक म्हणून द्यावा लागतो. '--मॅक्सफेल' आणि '2' हे दोन घटक चालतात, '--मॅक्सफेल=2' असा एकच घटकही चालतो, पण मध्ये मोकळी जागा सोडून दोन्ही एकाच अवतरणात लिहिले तर पायटेस्टला तो पर्याय ओळखता येत नाही. त्याच कारणाने टर्मिनलमध्ये लागणारी आतली अवतरणचिन्हे इथे देऊ नयेत, आणि तारांकित नावांचा विस्तार होईल अशी अपेक्षाही ठेवू नये.

फाइल जतन केली की एडिटर टेस्ट पुन्हा शोधतो, ही सोय मुळातच चालू असते. हजारो टेस्ट असलेल्या प्रकल्पात तिचा त्रास होऊ लागला, तर 'पायथॉन.टेस्टिंग.ऑटोटेस्टडिस्कव्हरऑनसेव्हएनेबल्ड' त्या प्रकल्पापुरती बंद करावी. मग नवी टेस्ट लिहिल्यावर पॅनेलमधील रिफ्रेशचे बटण स्वतः दाबावे लागते, हे सहकाऱ्यांनाही सांगून ठेवावे.

जावास्क्रिप्टमध्येही तत्त्व हेच आहे. जेस्ट या तिथल्या टेस्ट टूलचे नियम त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये राहतात. एडिटरला फक्त 'जेस्ट.रूटपाथ' आणि गरज असेल तर 'जेस्ट.जेस्टकमांडलाइन' सांगावे लागते. पॅकेज.जेसनमधील 'जेस्ट' हा विभाग आणि स्वतंत्र कॉन्फिगरेशन फाइल अशा दोन्ही जागी नियम ठेवू नयेत.

तपासणी: टेस्टिंग पॅनेल रिफ्रेश करा आणि संख्या कागदावरच्या संख्येशी ताडा. पॅनेलमधील संख्या जास्त असेल तर 'पायटेस्टआर्ग्ज' पाहा. कमी असेल तर आउटपुट पॅनेलमध्ये 'पायथॉन' निवडून नोंदी वाचा. एखादी फाइल इम्पोर्ट होतानाच अडखळत असेल तर तिचे नाव तिथे सापडते. दोन फोल्डरांत एकाच नावाची टेस्ट फाइल असणे आणि त्या फोल्डरांत '__इनिट__.पाय' नसणे, हे अशा अडखळण्याचे नेहमीचे कारण आहे.

## टप्पा 6: एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आणि डीबगिंग

प्रकल्पाच्या मुळाशी '.एन्व्ह' फाइल असेल तर पायथॉनचे एक्स्टेन्शन टेस्ट चालवताना ती वाचते. जागा वेगळी असेल तर 'पायथॉन.एन्व्हफाइल' मध्ये सांगता येते. तुमचे टर्मिनल ती फाइल वाचतेच असे नाही. त्यामुळे एडिटरमध्ये हिरव्या आणि टर्मिनलमध्ये लाल अशा टेस्ट दिसल्या, की ज्या व्हेरिएबलवर त्या अवलंबून आहेत ते दोन्हीकडे पोचते का हे तपासावे.

डीबगिंगची गंमत वेगळी आहे. 'पायटेस्ट-कव्ह' हे कव्हरेज, म्हणजे टेस्टमध्ये किती कोड चालला ते, मोजणारे प्लगिन चालू असताना ब्रेकपॉइंट लावूनही एडिटर तिथे थांबत नाही, कारण कोडवर नजर ठेवण्यासाठी कव्हरेज आणि डीबगर एकच यंत्रणा वापरतात. यासाठी कव्हरेज कायमचे काढण्याची गरज नाही. '.व्हीएसकोड' मधील 'लाँच.जेसन' या फाइलमध्ये एक नोंद करावी, तिचा 'पर्पज' 'डीबग-टेस्ट' असा द्यावा आणि तिच्या 'एन्व्ह' विभागात 'पायटेस्ट_अॅडऑप्ट्स' या व्हेरिएबलला '--नो-कव्ह' हे मूल्य द्यावे. टेस्ट समांतर चालवणारे 'एक्सडिस्ट' प्लगिन वापरात असेल तर त्याच व्हेरिएबलमध्ये '-एन 0' जोडावे, म्हणजे डीबग करताना सर्व टेस्ट एकाच प्रोसेसमध्ये चालतात.

इशारा: या नोंदीतील व्हेरिएबल फक्त डीबग करताना लागू होतात, साध्या चालवण्याला नाही. डेटाबेसचा पत्ता इथे लिहून टेस्ट डीबगमध्येच तेवढ्या चालतात, असा गोंधळ मी स्वतः घालून अर्धा दिवस घालवला आहे. तसेच 'डीबग-टेस्ट'च्या दोन नोंदी असतील तर पहिलीच वापरली जाते.

## टप्पा 7: एकाच खिडकीत अनेक प्रकल्प

टप्पा 3 मधील 'कामे' या फोल्डरचे उदाहरण पुन्हा घेऊ. तिन्ही प्रकल्प एकत्र हवे असतील तर वरचा फोल्डर उघडण्याऐवजी प्रत्येक प्रकल्प 'अॅड फोल्डर टू वर्कस्पेस' ने जोडावा आणि वर्कस्पेस जतन करावे. त्यातून 'कोड-वर्कस्पेस' हे एक्स्टेन्शन असलेली फाइल तयार होते. आता प्रत्येक प्रकल्पातील '.व्हीएसकोड' वाचला जातो, प्रत्येकासाठी इंटरप्रिटर वेगळा निवडता येतो आणि टेस्टिंग पॅनेलमध्ये प्रत्येकाची वेगळी शाखा दिसते.

या वर्कस्पेस फाइलमध्येही सेटिंग्ज लिहिता येतात आणि त्या सर्व फोल्डरांना लागू होतात. टेस्टची सेटिंग्ज तिथे लिहू नयेत. ती प्रत्येक प्रकल्पाच्याच फाइलमध्ये ठेवावीत, म्हणजे तो प्रकल्प उद्या एकटा उघडला तरी चालेल. फोल्डरच्या पातळीवर लिहिलेली एखादी सेटिंग फिकट दिसली तर ती पूर्ण खिडकीसाठीची आहे, एका फोल्डरला ती लावता येत नाही, असा त्याचा अर्थ होतो.

## टप्पा 8: गिटमध्ये काय द्यावे

सेटिंग्ज.जेसन आणि लाँच.जेसन सर्वांसाठी उपयोगी असतील तर त्या गिटमध्ये द्याव्यात. '.एन्व्ह' देऊ नये. त्यात पासवर्ड असतात. इंटरप्रिटरचा मार्गही देऊ नये, कारण विंडोजवर तो 'स्क्रिप्ट्स' या फोल्डरमध्ये असतो आणि लिनक्स व मॅकवर 'बिन' मध्ये.

अनेक प्रकल्पांच्या '.गिटइग्नोर' मध्ये '.व्हीएसकोड/' ही ओळ आधीपासून असते. तिच्याखाली उद्गारचिन्ह देऊन सेटिंग्ज.जेसनला अपवाद केला तरी तो लागू होत नाही, कारण पूर्ण फोल्डर वगळला असेल तर गिट त्याच्या आतल्या फाइलींकडे पाहतच नाही. आधीची ओळ बदलून '.व्हीएसकोड/*' अशी करावी आणि मग अपवादाची ओळ लिहावी.

तपासणी: प्रकल्प दुसऱ्या रिकाम्या फोल्डरात नव्याने क्लोन करा, तिथे नवे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट तयार करा, लायब्ररी स्थापित करा, नव्या खिडकीत तो फोल्डर उघडून इंटरप्रिटर निवडा आणि पॅनेल रिफ्रेश करा. संख्या कागदावरचीच आली, तर सहकाऱ्याच्या संगणकावरही तीच यायला हवी. वेगळी आली, तर जे कमी पडले ते बहुधा गिटमध्ये न दिलेल्या एखाद्या फाइलमध्ये किंवा '.एन्व्ह' मध्ये आहे. तिथून ते, पासवर्ड वगळून, प्रकल्पाच्या फाइलींत आणा आणि हीच तपासणी पुन्हा करा.